माणिकमामांच्या संरक्षणाखाली ताडोबा

मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते तेव्हा आमच्या वर्गाची सहल निघाली होती. मुलांना जंगल दाखवायला नेलं आणि मुलींना साखर कारखाना. जंगल मुलींना सोसणार नाही, असं आमच्या सरांचं मत होतं. कारखान्यात मळीच्या वासानं निम्म्या मुली ओकल्या, पण ते बहुधा सोसण्यातच धरलं गेलं. मुलं परत आली ती आठवडाभर वाघाच्या गोष्टी सांगत होती. आम्ही काय सांगणार? उसाचा रस कुठल्या नळीतून कुठं जातो ते?

तेव्हाच ठरवलं, नोकरी लागली की आधी जंगल बघायचं.

नोकरी लागली चुडाव्याला. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या परभणी जिल्ह्यात झाड म्हणजे बांधावरची बाभळ नाहीतर पारावरचा लिंब. बाकी सगळी काळी सपाट जमीन, बांधावर उभं राहिलं तर शेजारच्या गावचं लग्न दिसावं अशी. या मुलखात वाढलेल्या माणसानं ‘घनदाट’ हा शब्द फक्त पुस्तकात वाचलेला असतो. मी तर तो फळ्यावर लिहून पोरांना शिकवत होते.

शाळेत माझ्याशिवाय एकच बाई होत्या, शकुंतलाबाई. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, घरची चांगली शेती, नऊवारी नेसायच्या आणि बोलायला लागल्या की हेडमास्तर खिडकीबाहेर बघायचे. मी त्यांना म्हटलं, “दिवाळीच्या सुट्टीत ताडोब्याला जायचं का?”

“तिथं कोन्ता देव हाय?”

“देव नाही, जंगल आहे. राष्ट्रीय उद्यान.”

“देव न्हाई, पाव्हणे न्हाईत, लगीन न्हाई. निसतं झाडं बगायला जायाचं?” त्यांनी पदर खोचला. “येते. जन्मात कदी बिनकामाचं कुटं गेले न्हाई मी.”

आता प्रश्न माझ्या घरचा. आमचं घर ताडकळसला. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, नुकतेच रिटायर झालेले. जन्मभर त्यांनी रूळ ठोकले. पास मिळायचा, पण स्वतः गाडीत बसून नांदेडच्या पुढं कधी गेले नाहीत. मला शिकवायला मात्र त्यांनी मागं-पुढं पाहिलं नव्हतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “जा. पन सोबत मानूस पायजे.”

“शकुंतलाबाई आहेत की.”

“मानूस म्हनलं मी.”

तर माणूस शोधणं सुरू झालं. नेमकं त्याच सुमाराला पाथरीचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. मुलाचं नाव भास्कर, सरकारी नोकरी, आमच्याच समाजातलं चांगलं घर. मध्यस्थ होते मुलाचे मामा, माणिकराव. ते बोलणी करायला आले असताना आबांनी सहज विषय काढला, आणि मामांनी छातीवर हात मारला.

“मी जातो की संगं! किनवटला दोन वर्सं नोकरी केलीय मी. जंगल म्हंजे माझं आंगन. पोरगी आमच्याच घरात यायचीय, माझा जिम्मा.”

आबा खूश झाले. आई तर जास्तच. मी सून म्हणून कशी आहे याची परीक्षा जंगलात व्हायची होती, एवढं मला कळलं.

चुडावा ते अदिलाबाद

वाट सांगून ठेवते. तेव्हा आमच्याकडून अदिलाबादला छोट्या रुळांवरची पॅसेंजर जायची. चुडाव्याला ती थांबायची, कारण ती सगळीकडेच थांबायची. कुणी हात केला तरी थांबेल की काय असं वाटायचं. तिकिटं किती होती ते विचारू नका, सांगितलं तर आजच्या टॅक्सीवाल्यांवर उगाच राग काढाल.

माणिकमामा आदल्या दिवशीच पाथरीहून ताडकळसला आले होते. स्टेशनवर त्यांना पाहून शकुंतलाबाईंनी पदर तोंडावर घेतला. खाकी पँट, खाकी सदरा, डोक्यावर साहेबी हॅट, कमरेला चाकू, हातात बॅटरी आणि गळ्यात शिट्टी.

“शिट्टी कशाला हो?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“जनावर आवाजाला भितंय बाई. ह्या एका शिट्टीवर किनवटला मी अस्वल पळवलंय.”

शकुंतलाबाई स्वतः नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या, नऊवारीखाली. त्यांच्या सासूनं निघताना बजावलं होतं की डबा आपला आपला खायचा. कारण सांगायची गरज नव्हती, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. लिंबगाव यायच्या आत त्यांनी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उचलली, दशमीला लावली आणि म्हणाल्या, “सासूबाईच्या चटनीत निसतं मीठच आसतंय बग.” तो विषय तिथं संपला.

मुदखेड गेलं, भोकर गेलं, आणि मग हळूहळू जमीन उचलायला लागली. हिमायतनगरच्या पुढं रुळांच्या दोन्ही बाजूंना टेकड्या आणि त्यांच्यावर साग. मी खिडकीतून तोंड आत घेतलंच नाही. कोळशाची राख डोळ्यांत गेली तरी घेतलं नाही. मामांचं मात्र आतल्या बाजूला व्याख्यान चालू होतं. किनवट आलं तसा त्यांचा आवाज चढला.

“हितं माझ्या खोलीच्या खिडकीत वाघ यायचा. मी लिवत बसलेलो, आन त्यो बगत उबा.”

समोरच्या बाकावर किनवटचाच एक किराणा दुकानदार बसला होता. त्यानं अगदी आदरानं विचारलं, “खोली कोन्त्या बाजूला होती, साहेब?”

“बाजारगल्लीत.”

“आसं का,” दुकानदार म्हणाला. “आता तिथं गाढवं येतात.”

सगळा डबा हसला. मामाही हसले, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत झोपले.

अदिलाबाद आंध्रात. तिथं मुक्काम केला, स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजमध्ये. चादरी आपल्या न्याव्यात हा माझा सल्ला तेव्हाही होता, आजही आहे. खानावळीत मामांनी आम्हाला गप्प बसवून तेलुगूत जेवण मागितलं. वाढप्यानं दोनदा ऐकलं आणि मराठीत विचारलं, “काय पायजे, काका?” जेवण मात्र झकास होतं. भातावर आंबट वरण आणि असं तिखट लोणचं, की शकुंतलाबाईंनी आचाऱ्याला बाहेर बोलावून शाबासकी दिली.

चांदा आणि पुढं

सकाळी एस.टी. कोरपना, राजुरा करत ती चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पोचेपर्यंत माझ्या हाडांची आणि बसच्या पत्र्यांची चांगली ओळख झाली होती. चांद्याला वनखात्याच्या कचेरीत जाऊन विश्रामगृहाचा परवाना घ्यायचा. शिधा आपणच घ्यायचा, तिथला खानसामा रांधून द्यायचा. आम्ही तांदूळ, तुरीची डाळ, कांदे, गूळ आणि तेल घेतलं. मामांनी बिस्किटाचे पुडे घेतले आणि ते कुणाला दाखवले नाहीत.

दुपारच्या बसनं मोहर्लीपर्यंत, पुढं वनखात्याच्या एका ट्रकमध्ये. रस्त्याच्या कडेला अधूनमधून उंच दगडी खांब उभे दिसतात. गोंड राजांच्या वेळचे आहेत म्हणतात. मामा म्हणाले, “ते वाघ बांधायचे खांब.” ट्रकचा ड्रायव्हर गाडी थांबवून हसला. त्याला गाडी थांबवल्याशिवाय हसता येत नसावं.

ताडोबा म्हणजे मधोमध एक तलाव, त्याच्या काठावर विश्रामगृह, आणि चहूबाजूंनी जंगल. संध्याकाळी पोचलो. तलावात ओंडका तरंगत होता. ओंडक्यानं तोंड उघडलं तेव्हा कळलं, मगर. शकुंतलाबाईंनी तिला बघितलं आणि एकदम आवाज बारीक केला, देवळात करतात तसा. “कुसुम, किती निवांत पडलीय गं. हिला कुनी सैपाक करायला उठवत न्हाई.”

मला त्या संध्याकाळचं एवढंच आठवतं, की अंधार पडला तो आमच्याकडं पडतो तसा वरून पडला नाही. झाडांच्या बुंध्यांतून वर चढत गेला.

पायवाट

आजकाल तिथं जीपमध्ये बसवतात, पुढं जीप, मागं जीप, आणि वाघाच्या अंगावर तोफांएवढे कॅमेरे. वाघ दिसला नाही की लोक पैसे परत मागितल्यासारखं तोंड करतात. तेव्हा गार्ड बरोबर असला तर पायी फिरायला मिळायचं. आमचा गार्ड होता मडावी. चाळिशीतला, बिडीचा शौकीन, आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं.

“आताच गेला जी.”

पाणवठ्यावर गेलो, “आताच गेला जी.” वळणावर पाय उमटलेले, “आताच गेला.” एका झाडाखाली काहीच नव्हतं, तिथंही तो गेलेला होता. शेवटी शकुंतलाबाईंनी विचारलं, “आरं बाबा, त्यो जायच्या आदी आमाला एकदा सांगशील का?”

“तो मला कुठं सांगते?” मडावी म्हणाला.

पण वाघ जाऊ द्या. सागाची पानं पत्रावळीएवढी. बांबूची बेटं एकमेकांत घुसलेली, वारा आला की जुन्या दारासारखी करकरायची. मधेच एखादं पांढरंफटक झाड, पान नाही, साल नाही असं वाटावं. भुतासारखं दिसतं म्हणून लोक भितात म्हणे. वाटेवर आडवं कोळ्याचं जाळं, त्यात तळहाताएवढा कोळी. मी पहिल्यांदा अशा जागी चालत होते जिथं माझी गल्ली कोणती हे कुणाला माहीत नव्हतं. आमच्या गावात चालताना पावलागणिक कुणीतरी ते मनात वाचत असतं. मी शाळेत बाई झाले तरी वाचतच असतं. इथं लंगूर माझ्याकडं जसं बघत होते तसंच शकुंतलाबाईंकडं बघत होते. दोघींबद्दल त्यांचं मत सारखंच वाईट होतं.

मामांना एवढी शांतता सहन होत नव्हती. ते सारखे बोलायचे. मडावीनं दोनदा सांगितलं, “चूप राहा जी.” तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मामांना राग आला.

“तू मला जंगल शिकवनार? मी फुडं चालतो. बायका मधी, तू मागं.”

मडावीनं खांदे उडवले. वाट सरळ होती. पुढं एक ओढा लागला, तिथं मडावी वाळूतले ठसे बघायला थांबला. मामा थांबले नाहीत, आणि आम्ही त्यांच्या मागं गेलो, कारण निघताना आबांनी तसंच बजावलं होतं.

बांबूच्या दाटीत शिरलो आणि अगदी जवळून आवाज आला, “ढाँक!” सांबराचा इशारा, हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं कुणी रिकाम्या पिंपावर दगड मारला. मग डाव्या बाजूला बांबू मोडल्याचा आवाज. कडाड, कडाड. काहीतरी मोठं आमच्याकडं येत होतं.

मामा गर्रकन फिरले. मागं वाटेकडेला एक तिरकं झाड होतं, आणि झाड आणि मामा यांच्या मधे शकुंतलाबाई होत्या. मामांनी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. त्या धाडकन गवतात बसल्या. मामा त्यांच्यावरून ओलांडून झाडावर चढले. पन्नाशीचा माणूस इतक्या वेगानं चढतो हे मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. हॅट खाली पडली.

मी शकुंतलाबाईंचा हात धरला. उठवावं की आपणच बसावं ते सुचेना. इतक्यात मडावी पळत आला आणि हात आडवा करून हळू आवाजात म्हणाला, “हलू नका.”

बांबू बाजूला झाले आणि गवा बाहेर आला.

मी गवा चित्रातही पाहिला नव्हता. काळाभोर, तेल लावल्यासारखा. चारी पायांत पांढरे मोजे. खांद्यावर उंचवटा, कपाळ राखेच्या रंगाचं, आणि शिंगं अशी की दोन्हींच्या मधे माझं टेबल मावलं असतं. तो वाटेत उभा राहिला आणि आमच्याकडं बघू लागला. आम्ही त्याच्या घरात आलो होतो, आणि आमचं काय करायचं याचा तो सावकाश विचार करत होता. त्याच्या नाकपुड्यांतून येणारा श्वास मला ऐकू येत होता. शकुंतलाबाई गवतात बसल्या होत्या तशाच, पण त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगडीचा वण दुसऱ्या दिवशीही होता. मला भीती वाटत होती. आणि खरं सांगते, त्याच वेळी असंही वाटत होतं की यानं एवढ्यात जाऊ नये.

तेवढ्यात वरून शिट्टी वाजली. एकदा नाही, सलग वाजतच राहिली.

गव्यानं मान वर केली. झाडावरच्या मामांकडं पाहिलं. जोरात फुत्कारला, आणि वळून पलीकडच्या बाजूला निघून गेला. धावत नाही, चालत.

न्यायाला धरून सांगायचं तर शिट्टी वाजली आणि गवा गेला, हे खरं आहे. मडावीचं म्हणणं, तो जाणारच होता. शिट्टीनं बिथरून तो आमच्या अंगावर आला असता तर आम्हाला वाट मिळाली नसती. मामा वर होते, त्यांना वाटेची गरज नव्हती.

उतरणं

खरी फजिती पुढं झाली. मामांना उतरता येईना. चढताना ज्या फांदीचा आधार घेतला ती मोडून पडली होती, आणि झाडावर लाल मुंग्या होत्या. त्यांनी मामांचा ताबा घेतला. मामा एका हातानं खोड धरायचे आणि दुसऱ्यानं सगळीकडं खाजवायचे.

“उडी मारा जी,” मडावी म्हणाला आणि बिडी शिलगावली.

“पाय मोडंल माझा!”

शकुंतलाबाई उठल्या, लुगडं झटकलं, झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि बुंध्याला दोन्ही हात टेकले. “ठिवा पाय माझ्या खांद्यावर.”

मामा वरूनच चाचरले. एवढी खाज असूनही चाचरले. त्यांच्या आयुष्यात कुणबी-पाटलाच्या बाईच्या अंगावर पाय ठेवायची वेळ आली नव्हती, आणि गावात कुणी ती येऊही दिली नसती. “बाई, तुमच्या… कसं काय…”

“ठिवा म्हनते न्हवं. खांदाच हाय, देव्हारा न्हाई.”

मामांनी पाय ठेवला. मी आणि मडावीनं त्यांना कमरेला धरलं. खाली आल्यावर त्यांनी आधी हॅट उचलून झटकली. सदरा फाटला होता, मानेवर गांधी उठल्या होत्या. परतताना ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, “कुसुम, घरी सांगायची गोष्ट न्हाई ही.”

मला खरंच दया आली. भीती कुणाला वाटत नाही? मी म्हटलं, “नाही सांगणार, मामा.” शकुंतलाबाई म्हणाल्या, “आमाला काय पडलंय?”

त्या दिवशी तलावाच्या काठी बसून आम्ही डाळ-भात खाल्ला. मामांनी आपले बिस्किटाचे पुडे बाहेर काढले आणि सगळ्यांना वाटले, मडावीलासुद्धा. मला ते तेव्हा आवडले होते.

परतीची गाडी

पण गाडी जशी घराकडं निघाली तशी गोष्ट वाढायला लागली. चांद्याच्या बसमध्ये मामांनी शेजाऱ्याला सांगितलं की जनावर कुठून येतंय ते बघायला ते झाडावर चढले होते. अदिलाबादला गव्याचे दोन गवे झाले. किनवट यायच्या आत वाघ आला. यावेळी किराणा दुकानदार डब्यात नव्हता, त्यामुळे वाघ टिकला. भोकरला मामांनी वाघाच्या आणि आमच्या मधे उभं राहून शिट्टी वाजवली, आणि मुदखेडला एक म्हातारा त्यांच्या पाया पडला.

शकुंतलाबाई माझ्या कानाशी लागल्या. “नांदेड येऊस्तोवर ह्यो वाघावर बसून यील बग.”

आम्ही हसलो, आणि गप्प बसलो. शब्द दिला होता.

ताडकळस

आठ दिवसांनी पाथरीची मंडळी मला बघायला आली. भास्कर, त्याची आई आणि माणिकमामा. जयभीम झाले, पाणी झालं. शकुंतलाबाईंनाही मी बोलावलं होतं. त्या आमच्या घरात प्रथमच आल्या होत्या आणि सरळ सतरंजीवर सगळ्यांच्या मधे बसल्या. गल्लीतल्या चार बायका ते बघायला दारात थांबून गेल्या.

मी पोह्याच्या बशा घेऊन आले तेव्हा मामांची गोष्ट रंगात होती. वाघ झेप घ्यायच्या बेतात होता. एक बाई बेशुद्ध पडली होती, दुसरी रडत मामांच्या पायांना बिलगली होती. आई पदरानं डोळे पुसत होती. आबा हात जोडून बसले होते.

इथपर्यंत माझी काहीच हरकत नव्हती. बेशुद्ध तर बेशुद्ध.

मग मामा गंभीर झाले. “म्हनून सांगतो आबा, मी होतो म्हनून निभावलं. पोरीबाळींनी लय फिरू ने. आमच्या घरात आली की नोकरी-बिकरी बास. घरातून चुडावा, चुडाव्यातून जंगल, हे कुटं थांबायचं? मी माझ्या डोळ्यानं बगून आलोय, हिला सांबाळायला मानूस लागतो.”

भास्करची आई म्हणाली, “आमचंबी तेच म्हननं हाय.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना ‘बरं’ म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. मला शिकवायला त्यांनी काय काय केलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणखी क्षणभर गेला असता तर ते ‘बरं’ म्हणाले असते.

मी बशा खाली ठेवल्या. “मामा,” मी म्हटलं, “झाडावरून उतरताना तुमी पाय कुनाच्या खांद्यावर ठिवला होता, तेबी सांगा की.”

आईचा पदर डोळ्यापाशीच थांबला.

“कसलं झाड?” मामा म्हणाले.

“ज्याच्यावर तुमी शकुंतलाबाईला ढकलून चढलात ते. वाघ नव्हता, आबा. गवा होता. तो आमच्यापुढं उभा होता आणि आम्ही दोघी खाली होतो.”

मामांनी शकुंतलाबाईंकडं पाहिलं. त्या शांतपणे चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, पदर थोडा बाजूला केला आणि खांदा चोळत म्हणाल्या, “आजून दुकतोय.”

आणि भास्कर हसला. अगदी मोकळा, मनापासून. त्याच्या आईनं त्याच्याकडं पाहिलं तसा तो थांबला आणि बशीतले पोहे बघू लागला. ते हसणं मला आवडलं होतं. थांबणं नाही आवडलं.

“पोरीला लय तोंड हाय,” भास्करची आई उठत म्हणाली. मामा तिच्या आधीच उंबऱ्याबाहेर होते. आबा दारापर्यंत गेले आणि त्यांना ‘जयभीम’ म्हणून आले. शकुंतलाबाई जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. आई मात्र बराच वेळ बोलली. आलेलं स्थळ माझ्या जिभेनं घालवलं म्हणाली. चूक नव्हतं ते. पुढं दोन वर्षं दुसरं स्थळ आलं नाही, कारण पाथरीपासून पूर्णेपर्यंत माझी जीभ माझ्या आधी पोचली होती. पुढं लग्न झालं, नोकरी रिटायर होईपर्यंत केली. तो वेगळा प्रवास, त्याचं वर्णन इथं मागू नका.

तुम्ही ताडोब्याला निघाला असाल तर जरूर जा. चादर न्या, मऊ बूट न्या, बडबड्या माणूस नेऊ नका. वाघ दिसेल न दिसेल, ते त्याच्यावर सोडा. गवा दिसला तर हलू नका. मला त्यानंतरही बरीच जंगलं बघायला मिळाली, पण कशासमोर तरी असं नुसतं उभं राहणं पुन्हा तसं जमलं नाही.

मामांच्या वाघाबद्दल सगळे बोलले, माझ्या तोंडाबद्दल बोलले, मोडलेल्या स्थळाबद्दल बोलले. जंगलाबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं ते एकट्या आबांनी, त्याच दिवशी, दिवेलागणीला. आई चुलीपाशी भांडी आपटत होती. आबा भिंतीला टेकून बसले होते, मला वाटलं आता रागावतील. ते हळूच म्हणाले, “केवडा व्हता गं त्यो?”

“काय?”

“गवा.”

मी हात पसरले. पुरले नाहीत. मग उठले, मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि दाराकडं बोट केलं. “तोंड तिथं, आन् शेपूट इथं.”

आबांनी भिंतीकडं पाहिलं, मग दाराकडं. मग वर छपराकडं पाहिलं.

“मंग आपल्या घरात मावला नसता,” ते म्हणाले.

“नसता मावला.”

ते जरा सरकले, माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली आणि म्हणाले, “बस. पैल्यापासून सांग.”